व्हरांड्यातले १०२

आपल्या शाळेच्या हीरक महोत्सवाचं पत्र ग्रुपवर आलं आणि मला सगळ्यात आधी खालचा व्हरांडा आठवला आणि बाई आठवल्या. बाई म्हणजे इतिहासाच्याच, आपल्या बॅचला वेगळं सांगायला नको.

नववीत होतो. त्या दिवशी ब तुकडीचा तास ऑफ होता म्हणून बाईंनी दोन्ही तुकड्या व्हरांड्यात उभ्या केल्या, मोजल्या, चार पोरं कमी पडली तर आठवीतून बोलावून आणली आणि १०२ पूर्ण केले. म्हणाल्या, हे इंग्लंडहून निघालेल्या मेफ्लॉवर जहाजावरचे प्रवासी, १६२० च्या डिसेंबरात अमेरिकेत प्लिमथला पोचले. मग एकाआड एक सगळ्यांना खाली बसवलं. "हे पहिल्या हिवाळ्यातच गेले." माझा बेंचवरचा मित्र खाली बसला होता आणि मी उभा, इतकं कसंतरी झालं की अजून आठवतं. पुस्तकात या सगळ्याला दोन ओळी होत्या फक्त!

उरलेल्यांनी पुढे काय केलं ते घरून लिहून आणायचं होतं. मी लिहिलं, चर्च बांधलं. वहीत बाईंनी लाल शाईने पुढे जोडलं, "आणि शाळा."

दुसऱ्या दिवशी सगळा तास त्याच दोन शब्दांवर. मेफ्लॉवरवाले इंग्लंडच्या चर्चमधून फुटून निघालेले, आणि १६३० ला जॉन विन्थ्रॉप या पुढाऱ्याबरोबर मॅसॅच्युसेट्सला आले ते खरे प्युरिटन, त्यांना चर्च आतून शुद्ध करायचं होतं. यांनी १६३५ ला बॉस्टनमध्ये लॅटिन शाळा काढली, १६३६ ला कॉलेज, तेच पुढे हार्वर्ड. १६४७ ला कायदा केला, ५० घरं झाली की गावाने लिहायला वाचायला शिकवणारा मास्तर ठेवायचाच, १०० झाली की ग्रामर स्कूल, म्हणजे लॅटिन शिकवणारी वरची शाळा. कारण धर्माचंच, बायबल ज्याने त्याने स्वतः वाचलं पाहिजे. पण एकदा वाचायला आलेलं पोर एकाच पुस्तकावर थांबत नाही, हे बाईंचं वाक्य. बाईंनी त्यांची नुसती आरती केली नाही, १६६० ला क्वेकर या वेगळ्या ख्रिस्ती पंथातल्या मेरी डायरला बॉस्टनमध्ये यांनीच फाशी दिलं, १६९२ ला सेलममध्ये चेटकाच्या आरोपावरून १९ जण लटकवले, तेही सांगितलं. ज्यांनी धर्मासाठी छळ सोसला तेच असं वागले, हे सांगताना बाई एकदम गप्प झाल्या होत्या.

आणि मग नगर! १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले अमेरिकन मिशनरी त्याच न्यू इंग्लंडच्या, म्हणजे या प्युरिटनांच्या भागातल्या, चर्चनी पाठवलेले, मिशनरी शिक्षिका मिस फरार तिकडच्याच, त्यांची मुलींची शाळा आपल्या नगरमध्ये जोतिरावांनी पाहिली आणि सावित्रीबाईही त्यांच्याकडे शिकल्या. म्हणजे कुठला धागा कुठे येतो बघा, हे मला बाईंनी सांगितलं नसतं तर मी आयुष्यभर मिशन कंपाउंडवरून नुसता सायकल मारत गेलो असतो.

आता बावीस वर्षं मी मॅसॅच्युसेट्समध्येच आहे. आमच्या छोट्या गावात अजून टाउन मीटिंग भरते, प्युरिटनांच्या काळापासूनची पद्धत, नोंदलेला कुठलाही मतदार येऊन बसतो, गावाच्या बजेटवर बोलतो, हात वर करून मत देतो. आपल्या ग्रामसभेसारखंच, पण आमच्या मीटिंगमधून लोक रात्री अकरापर्यंत हलत नाहीत. सिटिझन झाल्यावर पहिल्याच मीटिंगला शाळेच्या लायब्ररीचे पैसे कापायचा विषय होता आणि मी उठून बोललो, पाय लटपटत होते, पण बोललो आणि पैसे राहिले.

मागच्या वर्षी शाळेत आलो तर व्हरांड्याला ग्रिल लावून खोल्या केल्यात. मुलं वाढली, जागा लागते, कळतं मला. तरी दोन तुकड्या एकत्र उभ्या राहतील अशी जागा आता कुठेच नाही, याचं वाईट वाटलं.

मीटिंगच्या त्या रात्री मी बाईंना फोन लावला होता, भारतात सकाळ होती. सगळं ऐकून घेतलं त्यांनी आणि पहिलं काय विचारलं तर, "घरं किती आहेत रे तुमच्या गावात?"