नाकाचं माप आणि भाचीचं लग्न

दिवाळीत भाचीचं लग्न ठरलं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, आमच्या जातीतला नाही. ताई-भावजींची काही हरकत नव्हती, पण मोठे मामा अडून बसले. मोठे मामा म्हणजे रिटायर्ड शिक्षक, आयुष्यभर वाचन, आम्हा सगळ्या भाच्यांना पावकी-निमकी त्यांनीच शिकवली, त्यामुळे घरात त्यांच्या शब्दाला वजन आहे. लोक काय म्हणतील वगैरे ते काही बोलले नाहीत. म्हणाले, हे बघ, मी जातपात मानत नाही, पण आता डीएनएने सिद्ध झालंय की प्रत्येक जातीचे जीन्स वेगळे आहेत, हजारो वर्षांत घडलेली गोष्ट आहे ती, आपण मोडू नये. आणि चहा यायच्या आत त्याच सोफ्यावर बसून म्हणाले की हरियाणातल्या राखीगढीत सापडलेल्या प्राचीन सांगाड्याने सिद्ध झालं, बाहेरून कोणी आलंच नाही, आपण सगळे एकाच रक्ताचे.

दोन्ही वाक्यं एकाच माणसाच्या तोंडून, आणि दोन्हीच्या मागे शास्त्रज्ञ उभे! मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. हे मला फार लागलं, कारण मी बावीस वर्षं क्वालिटीत आहे, मोजमाप हाच माझा धंदा. मग चार महिने रोज रात्री जेवण झालं की वाचत बसलो. त्यातलं जे डोक्यात पक्कं बसलं ते इथे लिहून ठेवतोय, मुख्यतः भाचीसाठी.

सुरुवात नाकापासून करावी लागते. रिस्ले नावाचा इंग्रज आयसीएस अधिकारी, 1901 च्या जनगणनेचा प्रमुख. याने माणसांची नाकं मोजली. रुंदी भागिले उंची गुणिले शंभर, हा झाला नासिका निर्देशांक. 70 च्या खाली असेल तर चिंचोळं नाक, 70 ते 85 मध्यम, त्याच्या वर बसकं. आणि यावरून त्याने मांडलं की नाक जितकं रुंद तितकी जात खालची, म्हणजे जात ही मुळात वंशाची उतरंड आहे, आर्य वर आणि बाकीचे खाली.

मी काय केलं, घरी डिजिटल व्हर्नियर होता तो काढला आणि भाचीचं नाक मोजलं. पाच वेळा, प्रत्येक वेळी तिला उठवून परत बसवून. रुंदी 32.8 पासून 34.2 मिलिमीटरपर्यंत आली, कारण नाकपुडी मऊ असते, व्हर्नियरचा जबडा जरा टेकला की दबते, श्वास घेतला की फुलते. उंची तर त्याहून वाईट, दोन डोळ्यांच्या मधे नाक नेमकं सुरू कुठे होतं तो पॉइंट बोटाला सापडतच नाही, 47.1 ते 49.5. आता गणित करा, एका टोकाला 66 येतात आणि दुसऱ्या टोकाला जवळजवळ 73. म्हणजे तीच मुलगी, तेच नाक, आणि ती पाच मिनिटांत चिंचोळ्या वर्गातून मध्यम वर्गात गेली. आमच्याकडे गेज आर अँड आर करतात, म्हणजे तोच पार्ट, तोच माणूस, तेच गेज, तर रीडिंग परत तेच येतं का ते आधी बघायचं. ते नीट आलं नाही तर पार्टबद्दल काही बोलायचंच नाही. (माझा हात सवयीचा नाही हे खरं, मानवमिती करणारे लोक माझ्यापेक्षा खूप चांगलं मोजतात. पण 70 वर रेघ मारून इकडचे आणि तिकडचे ठरवणं हे मला अजिबात पटत नाही.)

तरी मापं चुकीची होती म्हणून रिस्ले चुकला असं मी म्हणणार नाही, ते सोपं उत्तर झालं. कारण पुढे त्याच आकड्यांवर आपल्याकडच्या लोकांनी जे काम केलंय ते वाचून मी थक्क झालो. गो. स. घुर्ये, आपल्या मालवणचे, केंब्रिजला शिकून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र उभं करणारे. त्यांनी 1932 साली रिस्लेचीच कोष्टकं प्रांताप्रांतांनुसार वेगळी करून तपासली तर लक्षात आलं की नाक आणि जातीचा क्रम हा मेळ गंगेच्या खोऱ्यात, संयुक्त प्रांताकडे बसतो, बाकी भारतात बसत नाही. आणि मग बाबासाहेबांनी 1948 साली हीच आकडेवारी हातात घेतली आणि उलटा प्रश्न विचारला, की नाकच पुरावा मानायचं असेल तर ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश वेगळा ठरतच नाही, एक आर्य असेल तर दुसराही आर्य, एक द्रविड असेल तर दुसराही द्रविड. ज्या पट्टीने माणसाला खाली ठरवलं तीच पट्टी त्यांनी समोर धरली, हे वाचताना अंगावर काटा आला माझ्या.

इरावती कर्व्यांची गोष्ट तर मला शाळेत कोणी सांगितलीच नव्हती. आपल्याला त्या महाभारतावरच्या लिखाणामुळे माहीत. पण 1927 ते 1930 त्या बर्लिनला ऑयगन फिशर या प्राध्यापकाच्या हाताखाली पीएचडी करत होत्या, हाच पुढे नाझी राजवटीत बर्लिन विद्यापीठाचा रेक्टर झाला. त्याची कल्पना अशी की गोऱ्यांच्या कवटीची उजवी-डावी बाजू जास्त असमान असते आणि त्यावरून त्यांची बुद्धी श्रेष्ठ. इरावतीबाईंनी 149 कवट्या मोजल्या आणि लिहून दिलं की असमानतेचा वंशाशी संबंध नाही. पंचविशीतली मुलगी, परका देश, परकी भाषा, डिग्री त्याच माणसाच्या हातात, आणि निष्कर्ष त्याच्या विरुद्ध. इन्स्पेक्शन रिपोर्टवर साहेबाच्या मनाविरुद्ध रिजेक्ट लिहायला काय लागतं ते मला माहितीये, म्हणून मी त्या पानावर बराच वेळ थांबलो.

आणि त्यांनी मोजणं सोडलं नाही! परत येऊन डेक्कन कॉलेजमध्ये महाराष्ट्रभरच्या माणसांची मापं घेतली. घुर्ये म्हणजे त्यांचे एमएचे गाइड, तरी जातीच्या उगमाबद्दल त्यांचं गुरूशी पटलं नाही. घुर्यांच्या मते जातिव्यवस्था गंगेच्या खोऱ्यात ब्राह्मणांच्या संस्कृतीतून आली आणि पसरली, बाईंचं म्हणणं की आपापसातच लग्न करणारे छोटे छोटे गट आधीपासून वेगवेगळे होते, ते नंतर एका चौकटीत बसवले गेले. महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण गटांचा त्यांनी आणि मल्होत्रा यांनी केलेला अभ्यास 1968 चा आहे, दर्जा एकच मानलेला पण मापं एकमेकांपासून वेगळी. मला इथे बाईंचं जास्त पटतं.

आता मामांच्या पहिल्या वाक्याकडे येतो, जीन्स वेगळे. इथे दोन मोठ्या शास्त्रज्ञांचं भांडण आहे. लेवॉन्टिनने 1972 साली दाखवलं की माणसामाणसांत जो जनुकीय फरक आहे त्यातला साधारण 85 टक्के एकाच लोकसमूहाच्या आतला असतो, समूहासमूहांमधला थोडा. एडवर्ड्सने 2003 साली सांगितलं की आकडा बरोबर आहे पण त्यावरून गट ओळखताच येणार नाहीत असं म्हणणं चूक, एक जनुक घेतलं तर गट एकमेकांत मिसळलेले दिसतात, शेकडो एकत्र घेतली तर ओळखू येतात. बऱ्याच दिवसांनी माझ्या लक्षात आलं की अरे, हे तर आपलं रोजचंच आहे. दोन मशीनवरचे बोल्ट घ्या, नुसत्या डायमीटरवरून सांगता येत नाही कुठला कुठला, पण डायमीटर, लांबी, पिच, हेडची जाडी सगळं एकत्र घेतलं तर मी सांगेन हा या मशीनचा. त्यासाठी जे सूत्र वापरतात ते संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांचं, आणि त्याची सुरुवातच मुळी माणसांच्या मापांतून झाली. 1920 च्या नागपूरच्या सायन्स काँग्रेसमध्ये त्यांना कोलकात्याच्या अँग्लो-इंडियन लोकांची मापं तपासायचं काम मिळालं तिथून. पुढे त्यांनी रिस्लेचे आकडेही तपासून दुरुस्त केले.

पण बोल्ट कुठल्या मशीनचा हे सांगता आलं म्हणजे त्यातला एक चांगला आणि एक वाईट ठरला का? दोन्ही टॉलरन्समध्ये आहेत, दोन्ही पास आहेत, एकाच गाडीला लागतात. मामा, तुम्ही इथे उडी मारलीत. ओळखता येतं इथून एकदम मिसळू नये इथपर्यंत. मधलं वाक्य लेवॉन्टिनने लिहिलेलं नाही, एडवर्ड्सनेही नाही.

राखीगढीचंही तसंच. हरियाणात आहे ते, डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे सरांच्या टीमने खणलेलं. 61 नमुन्यांतून फक्त एका बाईच्या हाडात वाचण्याजोगा डीएनए मिळाला. सप्टेंबर 2019 मध्ये त्यावर पेपर आला, तिच्यात स्टेपमधल्या, म्हणजे युरोप-आशियातल्या गवताळ मैदानांतल्या लोकांचा अंश नाही. ते खरंच आहे. पण त्याच दिवशी दुसरा पेपर आला, 523 प्राचीन माणसांच्या डीएनएवर, तो म्हणतो की स्टेपचे लोक इसवी सनापूर्वी 2000 ते 1500 च्या दरम्यान इथे आले आणि मिसळले. दोन्हींवर शिंदे सरांचंही नाव आहे. राखीगढीची बाई त्याच्या कितीतरी आधीची, मग तिच्यात तो अंश सापडेल कसा? मापांत भांडण नाहीच, भांडण पत्रकार परिषदेतल्या वाक्यांत आहे. असं पूर्वीही झालंय, आर्य बाहेरून आले हे महात्मा फुल्यांनीही मांडलं आणि टिळकांनीही, एकाने ब्राह्मणांच्या वर्चस्वाला आव्हान द्यायला आणि दुसऱ्याने वेद किती प्राचीन ते दाखवायला.

एक मात्र प्रामाणिकपणे लिहायला हवं. त्या दुसऱ्या पेपरात असंही आहे की उत्तरेकडच्या काही पुरोहित जातींत स्टेपचा अंश बाकीच्यांपेक्षा जास्त निघतो. म्हणजे सगळे अगदी एकसारखे, हे बाबासाहेबांच्या वेळी नाकांवरून जितकं ठाम वाटलं तितकं आज राहत नाही. मला हे लपवायचं नाही. पण ते कमीजास्त प्रमाणाच्या मिश्रणाचं गणित आहे, शुद्ध असं कोणीच निघालेलं नाही. आणि पंचविशीत, 1916 साली कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी जे सांगितलं, की जातीचं मूळ म्हणजे जातीतल्या जातीत लग्न, बाकी सगळं त्यामागून आलं, ते आज डीएनएवाल्यांच्या हातात येऊन पडलंय.

2013 साली हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संस्थेच्या आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी मिळून 73 गटांचा डीएनए तपासला होता, हे गट एकमेकांत कधी मिसळले ते बघायला. मी त्याचा सारांश मराठीत दोन पानं लिहून मामांना पोस्टाने पाठवला, कारण ते मोबाइलवर मोठं काही वाचत नाहीत. परवा रात्री साडेनऊला त्यांचा फोन.

"हे तू '4200 ते 1900 वर्षांपूर्वी मिसळले' असं लिहिलंयस. म्हणजे तेव्हा होत होती लग्नं एकमेकांत?"

"हो मामा. सगळीकडे होत होती. नंतर थांबली."

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पेन्सिलीने खूण केलीये मी. आलास की नीट समजावून सांग."

लग्न वैशाखात आहे. येतो असं अजून म्हणाले नाहीत, पण काल ताईला फोन करून हॉल स्टेशनपासून किती लांब आहे ते विचारलं.