तुम्ही विचारलंत म्हणून: चूक दिसत असताना मी गप्प का बसते?

इतिहासाच्या अंतर्गत मूल्यमापनाची मुदत जवळ आली की पालक विचारतातच, "मुलाचं कुठे चुकतंय ते तुम्हाला दिसतं ना? मग सरळ सांगत का नाही?" मी नियम सांगते: आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमामध्ये शिक्षकाला एकाच मसुद्यावर शेरे देता येतात, त्यानंतर येतो तो अंतिम निबंध. हे उत्तर खरं आहे, पण त्यात मी नियमाच्या आडोशाला उभी राहते. नियम नसता तरी मी सांगितलं नसतं. २२०० शब्दांच्या त्या निबंधात प्रश्न मुलाचा, साधनं त्यानं निवडलेली, निष्कर्षही त्याचाच. मी बोट ठेवून दाखवलं की तो माझा निबंध होतो आणि त्यावर नाव त्याचं राहतं.

एका मुलीनं १८७५चे दख्खनचे दंगे, म्हणजे शेतकऱ्यांचा सावकारांविरुद्धचा उठाव, हा विषय घेतला होता. जबाबदार कोण, सावकार की सरकारचा शेतसारा? मुख्य साधन म्हणजे दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल. त्यानं दोष सावकारांवर टाकला आणि सरकारी साऱ्याला मोकळं सोडलं. मुलीनं तेच उचललं. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५मध्ये संपलं, त्या युद्धामुळे चढलेले इथल्या कापसाचे भाव कोसळले, सावकारांनी हात आखडता घेतला, सगळं नीट मांडलं होतं. पण मधे एक परिच्छेद वेगळाच होता. १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात लोकांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. तिनं लिहिलं होतं: राग माणसापेक्षा कागदावर जास्त होता. आणि त्या कागदाला बळ कोर्टाचं, कोर्ट सरकारचं. मग सरकार बाजूला कसं राहतं?

हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी समासात लिहिलं, "याला आधार काय?"

शेवटच्या आठवड्यात ती वर्गाबाहेर थांबली होती. "मॅडम, फक्त एवढंच सांगा, हा परिच्छेद ठेवू की काढू?" मी म्हटलं, "निर्णय तुझा."

तिनं काढला. आधार मिळाला नाही, तर धोका कशाला, असा तिचा साधा हिशेब. अंतिम निबंध स्वच्छ होता, अहवालाच्या मागोमाग शिस्तीत चालणारा. एकूण २५ गुणांपैकी १५ मुख्य शोधमांडणीला असतात आणि ते आधी शिक्षकानंच द्यायचे असतात. समोर होता त्याच निबंधाला मला गुण द्यायचे होते. डोक्यात दुसरा निबंध होता. मी समोरच्यालाच दिले. नंतर तिच्या आईनं विचारलं, "एक शब्द बोलला असतात तर काय बिघडलं असतं?"

खूप बिघडलं असतं, असं मी आजही म्हणते. पुढच्या वर्षी प्रत्येक मूल त्याच एका शब्दासाठी दाराशी उभं राहिलं असतं. ज्याला विचारायचा संकोच वाटतो, त्याचं काय? शिवाय शेरा योग्यच होता. आधार होताही: १८५९च्या मुदतीच्या कायद्यानं कर्जरोखा तीनच वर्षं ग्राह्य ठरवला, त्यानंतर सावकार दर तीन वर्षांनी नवे रोखे करून घेत. कायदा, कागद आणि कोर्ट यांची गाठ तिथेच दिसते. तिनं आणखी थोडं वाचलं असतं तर सापडलं असतं.

पण सतरा वर्षांच्या मुलीला "आधार काय?" हे "हे चूक आहे" असंच ऐकू येतं, हे मला माहीत नव्हतं का? चांगलंच माहीत होतं. तटस्थ राहायचं म्हणून मी तो सूर बदलला नाही. नोकरीच्या सुरुवातीची मी याला निष्ठा म्हणाले असते. त्या जुन्या 'मी'शी माझं अजून पटत नाही, आणि मुलीच्या आईशीही नाही.

हल्ली मी लिहिते, "आधार कुठे सापडेल, ते शोध." यात परिच्छेद राखण्याची सूचना दडली आहे, असं एक सहकारी म्हणतात. बहुधा आहेच. तरी मी तसंच लिहिते, आणि कुणी दाराशी येऊन "ठेवू की काढू?" विचारलं, तर अजूनही सांगत नाही.