उलट्या धोत्र्याला फाटा फुटला त्याची गोष्ट

पन्हाळ्याला आमच्या वन्संच्या अंगणात हे झाड मी पहिल्यांदा पाहिलं. वीतभराहून लांब, पांढरी, कर्ण्यासारखी फुलं फांद्यांवरून सरळ खाली लोंबत होती. दिवेलागणीला त्यांचा असा वास सुटला की मला तिथून उठवेना. रोपवाटिकेत याला एंजल्स ट्रम्पेट म्हणतात, शास्त्रीय नाव ब्रुगमान्सिया. सासूबाई मात्र बघताक्षणी म्हणाल्या, "हा तर उलटा धोत्रा." खरंच आहे ते. धोत्र्याचं फूल तोंड वर करतं, हे खाली. कूळ दोघांचं एकच, वांगी-टोमॅटोचं. लिनियसनंही 1753 साली याला धोत्र्यातच घातलं होतं, वेगळी प्रजात मानली गेली ती 1805 मध्ये.

वन्संनी बोटाएवढ्या जाड दोन फांद्या तोडून दिल्या. जुलै चालू होता. राजारामपुरीतल्या आमच्या परसात काळी माती, वर कोल्हापूरचा पाऊस. पंधरा दिवसांत दोन्ही बुडातून कुजल्या. ऑक्टोबरमध्ये पुन्हा दोन आणल्या आणि वाळू आणि कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) सावलीत लावल्या. तीन आठवड्यांत मुळं धरली.

पुढचं वर्ष या झाडाची तहान समजून घेण्यात गेलं. मार्चपासून दुपारी पानं मान टाकायची. मुळाशी गार पाणी गेलं की तासाभरात परत ताठ व्हायची. पण पाणी साचलेलंही त्याला सोसत नाही. म्हणून अर्ध्या प्लॅस्टिक ड्रमला बुडाशी भोकं पाडली, खाली विटांचे तुकडे घातले आणि वर माती, शेणखत, वाळू भरली. सकाळचं ऊन मिळेल आणि पश्चिमेची झळ लागणार नाही अशा भिंतीकडेला ड्रम ठेवला. खाऊपण त्याला भरपूर लागतो. दर पंधरा दिवसांनी शेण-गुळाचं पाणी, महिन्याला मूठभर निंबोळी पेंड. एप्रिलात पानांवर बारीक फिकट ठिपके दिसले, उलटून पाहिलं तर खाली लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड. चार दिवस रोज पाइपनं पानांच्या खालून जोराचं पाणी मारलं, मग उन्हं उतरल्यावर कडुनिंबाच्या तेलाची फवारणी केली, तेव्हा आटोक्यात आलं.

झाड डोक्याएवढं उंच झालं, पानं टोपलीएवढी, पण फूल एकही नाही. झाड भरदार व्हावं म्हणून मी गुलाबासारखा त्याचा शेंडा खुडत होते. दुसऱ्या दिवाळीला वन्सं आल्या आणि बघून म्हणाल्या, "वहिनी, शेंडा कशाला खुडताय? आधी फाटा फुटू दे की!"

तेव्हा उलगडा झाला. ब्रुगमान्सियाचं खोड सरळ वाढत जातं आणि ठरावीक उंचीला बेचक्यासारखे दोन फाटे फुटतात. कळी धरते ती त्या बेचक्याशी आणि तिच्या वरच. मी दर खेपेला बेचकं फुटायच्या आधीच छाटत होते, म्हणजे झाडाला पुन्हा पहिल्यापासून चढायला लावत होते. ओळखायची आणखी एक खूण वन्संनी दाखवली: बेचक्याच्या वरच्या पानाचा देठाकडचा भाग दोन्ही बाजूंनी सारखा नसतो, एक बाजू जरा खाली उतरलेली असते. कलमासाठी फांदी वरची घेतली तर फुलं लवकर येतात, खालची घेतली तर झाड आधी उंच होतं.

त्या दिवशीच मी खालच्या वाळक्या फांद्या काढल्या आणि नकळत हात डोळ्याला लागला. रात्री आरशात पाहिलं तर एक बाहुली मोठी, जवळचं काही वाचता येईना. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठलं झाड हाताळलंत?" झाडाच्या सगळ्या भागांत अॅट्रोपीन आणि स्कोपोलामीन ही विषारी द्रव्यं असतात, पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं. डोळा तीन दिवसांनी निवळला. तेव्हापासून छाटणीला हातमोजे घालते, कात्री धुऊन ठेवते आणि ड्रमभोवती जाळी बांधली आहे, कारण नातू तीन वर्षांचा आहे. त्याला एवढंच शिकवलंय की हे आजीचं झाड, लांबनं बघायचं. गळलेली फुलं मी रोज सकाळी उचलते. घरात लहान मूल किंवा पानं चघळणारं जनावर असेल आणि कुंपण घालणं जमणार नसेल, तर हे झाड लावू नका, असं मी मनापासून सांगते.

शेंडा खुडणं बंद केलं. उन्हाळा निघाला. पावसाळ्याच्या मध्यावर छातीएवढ्या उंचीवर बेचकं दिसलं आणि त्यात हिरवी, टोकदार कळी. गणपती येऊन गेले, नवरात्रात एकदम सतरा फुलं उमलली. आता झाड वर्षातून तीन-चारदा असं बहरतं, मध्ये काही आठवडे नुसती पानं.

शेंग मात्र अजून एकही धरलेली नाही. स्वतःच्या परागानं याला बहुधा फळ धरत नाही, आणि आमच्या गल्लीत दुसरं झाड नाही. परवा बेचक्याच्या वरची एक फांदी शेजारच्या काकूंना दिली, हातमोज्यांसकट.