तुम्ही विचारलंत म्हणून: ४२९४९६७२९७ च का?

आवडती संख्या कोणती असं कुणी विचारलं की मी ४२९४९६७२९७ सांगते, आणि मग पुढचा प्रश्न ठरलेलाच, एवढी मोठी आणि नेमकी हीच का? तुम्हीही विचारलंत, तर आता नीटच सांगते.

वाचायची तर ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९७. म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती फर्मा, त्याला वाटायचं ही मूळ संख्या आहे, आणि तसं वाटणं साहजिकच होतं, कारण २ चे १, २, ४, ८, १६ असे दुपटीने वाढणारे घात घेऊन त्यात १ मिळवला की ३, ५, १७, २५७, ६५५३७ येतात, पाचही मूळ, आणि त्यानंतरचा नंबर हिचाच. १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने दाखवलं की हिला ६४१ ने भाग जातो, ६४१ × ६७००४१७. बरं, शोधायला वाट्टेल त्या संख्येने भाग देत बसायला नको, हिचा कुठलाही विभाजक ६४ च्या पटीपेक्षा १ ने जास्त असतो हेही त्याचंच. म्हणजे मूळ संख्यांपैकी १९३, २५७, ४४९, ५७७ तपासल्या की लगेच ६४१!

पण मला खरी भारी वाटते ती भागाकार न करता पटवायची युक्ती, कागद घ्या आणि करूनच बघा. ६४० ही ६४१ पेक्षा १ ने कमी, म्हणून ६४१ ने भागताना तिची बाकी -१ धरता येते, म्हणून ६४० च्या चौथ्या घाताची बाकी १. आता ६४० म्हणजे ५ × १२८, तर तो चौथा घात झाला ६२५ गुणिले २ चा २८ वा घात. आणि ६४१ म्हणजे ६२५ + १६ सुद्धा आहे ना, म्हणून बाकीपुरतं ६२५ च्या जागी -१६ ठेवायचे, म्हणजे -१६ गुणिले २ चा २८ वा घात याची बाकी १. १६ गुणिले २ चा २८ वा घात म्हणजे २ चा ३२ वा घात, त्याची बाकी आली -१, त्यात १ मिळवा, शून्य. दहा अंकी आकड्याला हातही न लावता काम झालं, हे मला दरवेळी तितकंच सुंदर वाटतं.

अजून एक. ही संख्या ६५५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग आहे हे दिसतंच, पण ६२२६४ चा वर्ग अधिक २०४४९ चा वर्ग केला तरी हीच येते. मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत फार तर एकाच प्रकारे बसते, त्यामुळे ६४१ माहीत नसता तरी ही मूळ नाही हे इथेच कळलं असतं. विभाजक हातात नसताना संख्या फुटते हे नक्की सांगता येणं, मला गणितातली ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

आणि हे नुसतं कौतुकापुरतं नाहीये. याच माळेत पुढे २ चा १०,४८,५७६ वा घात अधिक १ अशी एक संख्या आहे, तीन लाखांहून जास्त अंकांची. ती मूळ नाही हे सिद्ध झालंय, पण तिचा एकही विभाजक अजून कुणाला सापडलेला नाही.