काळा टी-शर्ट, पांढरे ओघळ

गेल्या आठवड्यात पुतण्या दुकानात आला. हातात कोरा काळा टी-शर्ट. म्हणाला, "काका, याच्यावर एनडब्ल्यूओ मारून दे. पांढऱ्यात."

अंबाजोगाईत आमचं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, भावपूर्ण श्रद्धांजली, निवडीबद्दल अभिनंदन, आणि अलीकडं दहावीच्या जुन्या बॅचचे स्नेहमेळावे. टी-शर्टवर छापायचं मशीनही घेतलंय. पोरगं आहे नववीत. एनडब्ल्यूओ म्हणजे 'न्यू वर्ल्ड ऑर्डर', अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या कुस्तीतली खलनायकांची टोळी. ही तीन अक्षरं गाजत होती तेव्हा त्याचा बाप, म्हणजे माझा थोरला भाऊ, हाफ चड्डीत होता. पण आता कुस्ती नेटफ्लिक्सवर लागते आणि तिचे तुकडे दिवसभर मोबाईलवर फिरतात. त्यातल्याच कुठल्या तरी तुकड्यात एकानं छातीठोकपणे सांगितलेलं, की नव्या पोरांना घेऊन एनडब्ल्यूओ परत आणली पाहिजे.

"लई भारी होईल काका."

"काही होत नाही," मी म्हणालो.

"कामून?"

समोर वास्तुशांतीच्या फ्लेक्सचं गिऱ्हाईक बसलेलं, गणपतीचा फोटो डावीकडं की उजवीकडं यावर अडलेलं. तेव्हा सांगता आलं नाही. इथं सांगतो.

आमच्या घरी केबल आली तेव्हा कार्टून संपलं की रात्री त्याच चॅनेलवर टीएनटी लागायचं आणि त्यावर कधीमधी डब्ल्यूसीडब्ल्यूच्या कुस्त्या. आजोबा तालमीतले. लातूरकडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणलं, ते त्यांनी शंभरदा तरी सांगितलं असेल. टीव्हीवरची ही कुस्ती त्यांनी एकदाच पाहिली, पाच मिनिटं. "नुरा कुस्ती हाय ही," म्हणाले आणि कूस बदलून झोपले. बरोबरच होतं त्यांचं, निकाल आधीच ठरलेला. पण नुरा कुस्तीतही एक खरं असावं लागतं. ते म्हणजे बघणाऱ्याची भीती. किंवा राग. एनडब्ल्यूओकडं तो होता.

१९९६ साली अमेरिकेत दोन मोठ्या कंपन्या सोमवारी रात्री एकाच वेळी कार्यक्रम लावायच्या. इकडं डब्ल्यूसीडब्ल्यू, तिकडं डब्ल्यूडब्ल्यूएफ. मे महिन्याच्या शेवटी स्कॉट हॉल हा पैलवान डब्ल्यूसीडब्ल्यूच्या गर्दीतून चालत रिंगमध्ये आला, दोन आठवड्यांनी केविन नॅश आला. दोघं कालपरवापर्यंत डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये. बघणाऱ्यांना वाटलं, तिकडच्यांनीच यांना इकडं पाठवलंय, हा खरोखरचा हल्ला आहे. डब्ल्यूडब्ल्यूएफनं तर थेट कोर्टात धाव घेतली, की आमच्या पात्रांचा फायदा घेताय म्हणून. म्हणजे खोट्या भांडणाला खरा कोर्टकचेरीचा वास आला. असला वास पैसे देऊन विकत मिळत नाही.

मग ७ जुलै १९९६. डेटोना बीच. या दोघांचा तिसरा भिडू कोण, हे कुणाला माहीत नव्हतं. हल्क होगन आला. लहान पोरांना जीवनसत्त्वं खा, देवाचं नाव घ्या म्हणून सांगणारा, पिवळ्या-लाल कपड्यांतला. सगळ्यांना वाटलं वाचवायला आला. त्यानं खाली पडलेल्या रँडी सॅव्हेजच्या गळ्यावरच पाय टाकला. लोकांनी हातातले पेले, बाटल्या, कागद, जे सापडेल ते रिंगमध्ये फेकलं. होगन माईकवर बोलत होता आणि त्याच्या पायाखाली कचऱ्याचा ढीग. मी तो प्रसंग पुढं कितीतरी वर्षांनी यूट्यूबवर पाहिला आणि तरीही घशात आवंढा आला. आमच्याकडं जत्रेच्या फडात निकालावरून लोक फडात घुसतात ना, तसला तो राग होता.

त्या सुमारापासून सलग ८३ आठवडे डब्ल्यूसीडब्ल्यूचा सोमवारचा कार्यक्रम पुढं राहिला. आणि मग तेच झालं जे आपल्याकडं मंडळांचं होतं. जो येईल त्याला टी-शर्ट. टोळी इतकी फुगली की मारायला समोर कोणी उरेना, म्हणून १९९८ मध्ये तिचे दोन तुकडे केले, एक काळा-पांढरा, एक लाल-काळा. मग ४ जानेवारी १९९९ ला होगननं नॅशच्या छातीला एक बोट लावलं, नॅश धाडकन आडवा झाला, अजिंक्यपदाचा पट्टा होगनकडं आणि दोन्ही तुकडे पुन्हा एक. एक बोट! आजोबा तेव्हा जागे असते तर टीव्ही फोडला असता. त्याच वर्षाच्या शेवटी ब्रेट हार्ट या पैलवानाला घेऊन तिसरा प्रयोग केला. त्याच दिवसांत त्याच्या डोक्याला मार लागलेला होता, ते प्रकरणही विझलं. २००१ च्या मार्चमध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफनं डब्ल्यूसीडब्ल्यू विकतच घेतली.

आणि इथंच पुतण्याच्या 'कामून'चं उत्तर आहे. फेब्रुवारी २००२ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफचा मालक विन्स मॅकमॅहननं होगन, हॉल, नॅश या मूळ तिघांना आणलं. म्हणजे माणसं तीच, संगीत तेच, टी-शर्ट तोच. नव्या पोरांवर प्रयोग नव्हे, अस्सल माल. १७ फेब्रुवारीला ते आले. दुसऱ्या दिवशी तिथला पैलवान द रॉक ज्या रुग्णवाहिकेत होता तिच्यावर होगननं ट्रक घातला. याहून मोठा खलनायकपणा काय करायचा माणसानं? बरोबर एका महिन्यानं, १७ मार्चला टोरांटोत रेसलमेनिया, म्हणजे कंपनीचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम, रॉक विरुद्ध होगन. आणि लोक होगनच्या नावानं ओरडायला लागले. रॉकला शिव्या. ट्रक विसरले. लहानपणचा हिरो दिसला आणि सगळं माफ. कुस्ती संपल्यावर हॉल आणि नॅशनं होगनलाच धरून मारलं, आणि टोळीचा म्होरक्या टोळीच्या बाहेर. महिन्यात!

पुढचं भराभर सांगतो कारण सांगण्यासारखं काही नाही. मे मध्ये हॉलला कंपनीनं काढलं. ८ जुलैला नॅश दुखापतीतून परतला, रिंगमध्ये उतरला आणि काही सेकंदांत मांडीचा स्नायू फाटून खाली बसला. १५ जुलैला मॅकमॅहननं एनडब्ल्यूओच्याच संगीतावर येऊन जाहीर केलं, एनडब्ल्यूओ संपली. त्याच रात्री नवा जनरल मॅनेजर म्हणून कोणाला आणलं? एरिक बिशॉफला. ज्यानं डब्ल्यूसीडब्ल्यूत ही टोळी उभी केली त्याला. आणि मॅकमॅहननं त्याला मिठी मारली.

त्या मिठीतच सगळं आलं. भांडण दोन कंपन्यांचं होतं. एक कंपनी दुसरीनं गिळली, कारभारी गळ्यात पडले, मग ही टोळी कुणाच्या घरात घुसणार? स्वतःच्या?

यावर पुतण्या काय म्हणेल ते मला माहीत आहे. शील्ड. सेथ रॉलिन्स, रोमन रेन्स, डीन अँब्रोज या तिघांची टोळी. त्याचा जीव शील्डवर आहे. २०१२ ला आले, २ जून २०१४ ला रॉलिन्सनं आपल्याच जोडीदारांना खुर्ची घातली आणि फुटले. ऑक्टोबर २०१७ मध्ये परत आणले. पहिल्याच मोठ्या कुस्तीला रोमन रेन्स आजारी, म्हणून शील्डचं जॅकेट चढवून कर्ट अँगल उतरला. वराचा भाऊ फेटा बांधून बोहल्यावर, तसं. डिसेंबरात डीन अँब्रोजच्या दंडाला दुखापत. ऑगस्ट २०१८ मध्ये पुन्हा जमले, तर ऑक्टोबरात रेन्सनं ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, पुन्हा उलटल्याचं सांगितलं. तो बरा होऊन आला, पण अँब्रोज २०१९ मध्ये कंपनी सोडून गेला आणि जॉन मॉक्सली नावानं दुसरीकडं लढायला लागला. इथं नशीबही वाईट होतं, ते मी मानतो. पण माणसं तिशी ओलांडली की नशीब असंच वागतं. विशीतली टोळी ठरवून होत नाही, ती कुठंच जायला जागा नसते म्हणून होते.

हे मी कुस्तीवरून बोलत नाही. आमचीही एनडब्ल्यूओ होती.

पाच जण. मागच्या गल्लीच्या पोरांविरुद्ध. आखाडा म्हणजे कडब्याची गंजी. वरून उडी मारली की पेंढ्या अंगाला टोचायच्या पण हाड मोडायचं नाही. काळे टी-शर्ट कुठून आणणार? पीटीचे पांढरे टी-शर्ट काळ्या रंगात उकळले. ते राखाडी झाले. माझे बाबा पेंटर, गावातल्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या. त्यांच्या डब्यातून पांढरा ऑइल पेंट चोरला आणि पाचही छातींवर ओढला. वाळल्यावर तो पापडासारखा कडक झाला, वाकलं की तडकायचा. रंग पातळ होता म्हणून प्रत्येक अक्षराखाली ओघळ. मागच्या गल्लीची पोरं घाबरायची, असं आम्हाला वाटायचं. बाबांनी डबा पाहिला त्या दिवशी मी घाबरलो ते नक्की.

मागच्या दिवाळीला ग्रुपवर ठरलं, पुन्हा जमायचं. त्याच टी-शर्टात. मी पाच छापले. मापं विचारली तर एक एक्सएल, तीन डबल एक्सएल, आणि एकानं लिहिलं, 'पोटावर सैल ठेव.' पाडव्याला संध्याकाळी आलो किती? दोघं. एकाला चाकणच्या कंपनीत सुट्टी मिळाली नाही, एकाच्या कमरेला पट्टा, एकाच्या घरी सोयाबीन काट्यावर न्यायचं होतं. तिसरा माणूस मात्र आला, मागच्या गल्लीचा म्होरक्या. आता तोच ग्रुपचा ॲडमिन आहे, आमच्यातल्या एकाच्या चुलतबहिणीचा नवरा आहे, आणि मटणाचं बिल त्यानंच दिलं. त्यालाही टी-शर्ट हवा होता. दिला. ज्याच्याविरुद्ध ती तीन अक्षरं काढली होती त्याच्या पोटावर ती ताणून बसली. आम्ही फोटो काढला. छान आला.

तर मग जुनं कधीच उठत नाही का? उठतं. २००६ मध्ये ट्रिपल एच आणि शॉन मायकल्सनी डीएक्स ही आपली जुनी टोळी परत आणली, ती चालली. कारण ते धाक दाखवायला आलेच नव्हते. चाळिशीच्या आसपासचे दोन मित्र टवाळक्या करत होते आणि लोकांना तेवढंच पाहिजे होतं. २०१४ मध्ये ट्रिपल एचचीच दुसरी जुनी टोळी, इव्होल्यूशन, परत आली ती शील्डकडून दोनदा हरायला, दुसऱ्यांदा तर तीन-शून्य. ते मला फार आवडलं. म्हाताऱ्या पैलवानानं नव्याला पाठ देणं, ही तालमीतली जुनी रीत आहे. आणि २०२३ मध्ये रे मिस्टेरिओनं एलडब्ल्यूओ काढली. एडी गरेरोची १९९८ ची टोळी, एडी जाऊन तोवर सतरा वर्षं झालेली. रेनं ते टी-शर्ट स्वतःच्या जुन्या दोस्तांना नाही वाटले, नव्या पोरांना दिले. त्यांना नाव हवं होतं आणि याच्याकडं नाव होतं.

उलट २०१५ च्या रेसलमेनियात होगन, हॉल, नॅश धावत आले ते कुणाच्या मदतीला? स्टिंगच्या. ज्या स्टिंगशी त्यांनी डब्ल्यूसीडब्ल्यूत वर्षानुवर्षं वैर केलं, त्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मागच्या गल्लीचा म्होरक्या आमच्या टी-शर्टात, तोच फोटो. हॉल २०२२ मध्ये गेला, होगन २०२५ च्या जुलैमध्ये. आता ज्यांना आणायचं ते कुठून आणणार?

शेवटी पुतण्यालाही हे सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं आणि विचारलं, "मग प्रिंट कधी मिळेल?"

रात्री कॉम्प्युटरवर कोरल, आमचं डिझाइनचं सॉफ्टवेअर, उघडून बसलो. अक्षरं पाच मिनिटांत झाली, पण फारच स्वच्छ दिसत होती, एखाद्या बँकेच्या पाटीसारखी. म्हणून खाली ओघळ काढत बसलो. एक लांब, दोन आखूड, एक मधेच थांबलेला. तासभर गेला. बाबा आता पंच्याहत्तरीचे आहेत, झोप नाही म्हणून दुकानात येऊन बसतात. मागं उभं राहून त्यांनी चष्मा वर केला.

"अक्षर बरं हाय," म्हणाले. "रंग पातळ झालाय. ते ओघळ पुसून घे."