जुन्या दाराने घरात

मृगाचा पाऊस सुरू होऊन चार दिवस झाले होते. देवगड तालुक्यातल्या आमच्या गावात मेच्या मध्यापासून संध्याकाळी आभाळ गडगडू लागले, की टीव्हीचा, फ्रिजचा आणि संगणकाचा प्लग काढून ठेवायचा, हा शिरस्ता आहे. त्यांतला फ्रिजचा तेवढा सकाळी आठवणीने पुन्हा लागतो, संगणकाचा आठवडेच्या आठवडे तसाच लोंबकळत राहतो. वाशीच्या बाजारातून आलेल्या आंबाविक्रीच्या शेवटच्या पट्ट्या हिशेबात चढवाव्यात म्हणून मी त्या दिवशी तो लावला, बटण दाबले आणि चहा आणायला आत गेलो. परत येऊन पाहतो, तर पडद्यावर विंडोज ७. जुन्या डिस्कच्या जोडीला नवी एसएसडी, म्हणजे चिपांची डिस्क, बसवून तिच्यावर विंडोज १० घातली ती २०१८ साली, आणि तेव्हापासून हे निळे रूप माझ्या दृष्टीस पडलेले नव्हते. कोपऱ्यातल्या घड्याळात १ जानेवारी २०१२ ही तारीख होती. डाव्या बाजूला मुलीचे बारावीचे हॉलतिकीट, सातबाऱ्याची वाकडी स्कॅन केलेली प्रत आणि 'पेट्या २०१६' नावाची फाइल, अशी मंडळी जणू मध्ये काही घडलेच नाही अशा थाटात बसलेली होती. त्यानंतरच्या एकाही हंगामाचा मात्र तिथे पत्ता नव्हता.

शेजारचा मुलगा आला, त्याने उभ्याउभ्याच निदान केले. "काका, व्हायरस शिरलो. फॉरमॅट मारूया." आमच्याकडे संगणकाच्या कोणत्याही दुखण्यावर हे एकच औषध सांगितले जाते, आणि ते सांगणाऱ्याचा आत्मविश्वास पाहून रोग्याने निमूटपणे मान तुकवावी अशी अपेक्षा असते. मी त्याला चहा दिला आणि माऊस मात्र दिला नाही. पुढे लक्षात आले की ते बरेच झाले, कारण प्रत्येक विंडोज स्वतः ज्या जागेवर बसलेली असते तिला 'सी' म्हणते आणि बाकीच्यांना पुढची अक्षरे वाटते. 'कॉम्प्युटर' उघडला तेव्हा माझी रोजची डिस्क 'ई' या परक्या नावाने खाली दिसली आणि तिच्यात सगळे हंगाम सुखरूप होते. 'सी'तली ही जुनी विंडोज रिकामी असेल असे समजून धडाक्याने फॉरमॅट मारणाऱ्याने त्या दिवशी नेमके काय पुसले असते, याचा विचार मी फार वेळ केला नाही. नेटची तार तेवढी आधी काढली. विंडोज ७ला मिळणारी सुरक्षेची अद्यतने १४ जानेवारी २०२० रोजीच थांबलेली आहेत.

हरवले काहीच नव्हते; यंत्र फक्त भलत्या डिस्कवरून सुरू झाले होते. गणपतीला कितीतरी वर्षांनी गावी येणारा चाकरमानी नवा जिना बांधलेला असताना पडवीमागच्या जुन्या दाराशीच सामान उतरवतो, तसाच हा प्रकार होता. पण चाकरमानी निदान सवयीने तिकडे जातो. संगणकाला सवय म्हणून काही नसते. वीज मिळाली की आमच्या यंत्रासारख्या जुन्या संगणकात बायॉस नावाची छोटी आज्ञावली जागी होते, मेमरी आणि कळफलक तपासते आणि डिस्कांच्या ठरवून दिलेल्या यादीत जी पहिली असेल तिचे अगदी पहिले पान वाचते. हे पान अवघ्या ५१२ बाइटचे असते: ४४६ बाइटांत सुरुवातीच्या आज्ञा, ६४ बाइटांत डिस्कच्या वाटण्यांचा तक्ता आणि शेवटच्या दोन बाइटांत ५५ आणि एए ही खूण. खूण बरोबर असली की कारभार त्या पानाच्या हाती सोपवला जातो. त्यामागची विंडोज कितवी, तिच्यात शेवटचे काम कधी झाले, मालकाला कोणती हवी, असले प्रश्न तिथे विचारले जात नाहीत. ही मांडणी १९८३ साली आयबीएमच्या एक्सटी संगणकाबरोबर आलेल्या डॉस या संगणक-प्रणालीपासूनची, म्हणजे दहा मेगाबाइटची हार्ड डिस्क ही चैन होती त्या काळातली आहे.

मग सात वर्षांहून अधिक काळ बिनबोभाट चाललेली यादी बदलली कोणी? उत्तर घड्याळातल्या २०१२मध्ये होते, पण ते मला कॅबिनेटचे झाकण उघडेपर्यंत सुचले नाही. आत पहिले दर्शन झाले ते कुंभारीण माशीच्या मातीच्या घराचे. मागच्या रिकाम्या खाचेतून शिरून तिने पत्र्याला चिकटवून तीन खोल्या नीट लिंपलेल्या होत्या. त्याच्या खालीच मदरबोर्डावर, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीवर, रुपयाच्या नाण्यासारखा गोल सेल होता. सीआर २०३२ हे त्याचे नाव म्हणजेच त्याचे माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. संगणक बंद असतानाही घड्याळ चालू ठेवणे आणि आपण ठरवून दिलेली यादी लक्षात ठेवणे, हे काम त्याच्या जिवावर चालते. मात्र प्लग लावलेला आणि मागचे बटण चालू असेल, तर बंद संगणकालाही पाच व्होल्टची बारीक धार मिळत राहते आणि सेलवर भार पडत नाही. म्हणजे विजेच्या भीतीने आम्ही जेवढे दिवस प्लग काढून ठेवत होतो, तेवढे दिवस हा एकटा सेल घर सांभाळत होता. मीटर लावला तेव्हा तीन व्होल्टच्या जागी २.३ दिसले. तो खंगल्यावर बायॉस सगळे ठरवलेले विसरून कारखान्यातल्या मूळ क्रमावर आले, आणि त्या क्रमात पहिल्या सॅटा खाचेतली (डिस्कची तार जिथे जोडतात ती खाच) डिस्क पहिली, म्हणजे जुनी. यापुढेही मी प्लग काढीनच. सेलपायी मदरबोर्ड जाळून घेण्यात शहाणपण नाही.

जामसंड्याच्या घड्याळजीकडून सेल आणला, 'अधिक'ची बाजू वर ठेवून दाबला, टिक असा आवाज आला. मग बटण दाबून डिलीटची कळ टकटकवत बायॉसमध्ये शिरलो, तारीख घातली, बूटच्या, म्हणजे यंत्र कुठून सुरू व्हायचे त्या, क्रमात 'हार्ड डिस्क' पहिली केली, एफ १० दाबून ते साठवले, आणि पुन्हा तीच निळी विंडोज ७ हसतमुखाने हजर झाली. इथे मी अर्धा तास घालवला, म्हणून हे जरा विस्ताराने सांगतो. त्या पानावरची 'हार्ड डिस्क' ही एक जातच असते. त्या जातीतला कोण पुढे बसणार, हे 'हार्ड डिस्क ड्राइव्ह प्रायॉरिटीज' अशा वेगळ्या पोटयादीत ठरते, आणि ती यादी त्याच पानाच्या अगदी तळाशी असते. तिथे 'जुनी' आणि 'नवी' असे लिहिलेले नसते, कंपन्यांचे मॉडेल क्रमांक असतात. डिस्कवरच्या चिकटपट्टीशी ताडून पाहिले, एसएसडी वर सरकवली, तेव्हा कुठे माझी विंडोज १० आली.

तरीही मन स्वस्थ बसेना, कारण सेल पुन्हा कधीतरी संपणारच. म्हणून यंत्र बंद करून, प्लग काढून, दोन्ही डिस्कांच्या तारांची अदलाबदल केली: एसएसडी पहिल्या खाचेत, जुनी दुसऱ्या. आता मूळ क्रमावर गेले तरी यंत्र योग्य दारानेच येईल. जुनी डिस्क काढूनच का टाकली नाही, असे कोणी विचारील. माझ्या एका स्नेह्याने तसे केले आणि त्याला काळा पडदा मिळाला. त्याने दोन्ही डिस्का जोडलेल्या असतानाच नवी विंडोज घातली होती आणि तिने सुरुवातीच्या फायली जुनीच्या पोटात ठेवल्या होत्या. माझ्याकडच्या कारागिराने तेव्हा जुनीची तार आधी काढली होती, ही त्याची दूरदृष्टी मला आज कळली. तेव्हा मला तो धोका नव्हता. पण मुलीचे हॉलतिकीट त्या जुनीत आहे.

पडवीत पेट्यांवर मार्का मारायची काळी शाई अजून उघडीच होती. त्याच कुंचल्याने झाकणाच्या आतल्या बाजूला 'सेल बदलला, जून' असे लिहिले, पहिल्या खाचेच्या तारेला कागद गुंडाळून त्यावर 'न' आणि दुसरीवर 'जु' काढले. कुंभारिणीचे घर होते तसेच ठेवून स्क्रू आवळले.