भंगारातून काय घ्यावं आणि काय नवंच आणावं

आमच्या वाचनालयाचा कॉम्प्युटर सुरू होऊन यादी उघडेपर्यंत वाचक पुस्तक बदलून घरी पोचायचे. नोंदी शेवटी वहीतच व्हायच्या. समितीच्या बैठकीत नवा घ्यायचा विषय निघाला, तेव्हा कुणीतरी सांगितलं की तेवढ्या पैशांत दिवाळी अंक येतात. मी म्हटलं, दिवाळी अंक येऊ द्यात, कॉम्प्युटरचं मी बघते.

आत इंटेलचा एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, त्यावर आय३-२१२० प्रोसेसर, २ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क होती. म्हणजे २०११ च्या सुमाराचा माल. बोर्ड धडधाकट होता, एकही कपॅसिटर फुगलेला नव्हता. बोर्ड असा असेल तर मशीन टाकून देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. या बोर्डावर पुढच्या पिढीचा आय५-३४७० बसतो. दोन कोअरचे चार होतात.

तो मिळवायला पुण्याचा जुना बाजार. बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे सुटा प्रोसेसर शोधण्यापेक्षा मी ऑफिसांतून निघालेली, बंद पडलेली ब्रँडेड मशीन बघते. त्यांचा बोर्ड आणि एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा भाग, बहुतेक वेळा साध्या कॅबिनेटमध्ये लागत नाही, पॉवरचा प्लगसुद्धा वेगळा असतो. म्हणून ती स्वस्त जातात. पण आतला प्रोसेसर आणि रॅम सगळ्यांचे सारखेच! विक्रेता म्हणाला, "ताई, बंद आहे हं, नंतर तक्रार नको." मला बंदच हवं होतं. प्रोसेसर सहसा मरत नाही. मरतो तो एसएमपीएस नाहीतर बोर्ड. त्या एका डब्यातून आय५ आणि ४ जीबीच्या दोन डीडीआर३ रॅम निघाल्या.

रॅम घेताना एक सांभाळा. सर्व्हरमधून निघालेली रजिस्टर्ड रॅम फार स्वस्त मिळते, पण ती अशा बोर्डावर चालत नाही. बाकी जुनी रॅम बिनधास्त घ्यावी. सोनेरी पट्ट्या खोडरबरने हलक्या हाताने पुसायच्या, भुगा झटकायचा आणि बसवायची.

प्रोसेसर बदलण्याआधी बायोस, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम, अपडेट करावं लागतं, आणि ते जुना आय३ बोर्डावर असतानाच. २०११ चं बायोस २०१२ च्या प्रोसेसरला ओळखत नाही. आधी आय५ बसवला तर स्क्रीनवर काहीच येत नाही. अपडेट चालू असताना वीज गेली तर चांगला बोर्ड हातचा जाऊ शकतो, म्हणून शेजारच्या झेरॉक्सवाल्या दादांचा यूपीएस मागून आणला. मग प्रोसेसर. एलजीए ११५५ सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात, प्रोसेसर खालून सपाट. तो सरळ वरून ठेवायचा, सरकवायचा नाही. एक पीन वाकली तरी सगळं अडतं. हीटसिंकमधली धूळ ब्रशने काढली, जुनी थर्मल पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावली.

एसएमपीएस मात्र मी जुना कधीच लावत नाही. तो बिघडताना सोबत बोर्डही घेऊन जाऊ शकतो. डिस्कही नवीच, कारण वाचनालयाची यादी दुसऱ्याने टाकलेल्या डिस्कवर ठेवायला मन धजत नाही. पुण्यातल्याच तपकीर गल्लीतून एसएमपीएस, २४० जीबीची एसएसडी (चिपवर साठवणारी डिस्क) आणि बोर्डावरच्या घड्याळासाठी सीआर२०३२ सेल आणला. एच६१ चा साटा, म्हणजे डिस्क जोडायचा मार्ग, सेकंदाला ३ गिगाबिटचा, त्यामुळे एसएसडी पूर्ण वेगाने चालत नाही. तरीही सर्वांत मोठा फरक तिनेच पडला. ७२०० आरपीएमच्या डिस्कला हवा तो भाग वाचणाऱ्या डोक्याखाली (हेडखाली) यायलाच सरासरी ४ मिलिसेकंद लागतात, शिवाय डोकं सरकण्याचा वेळ वेगळा. एसएसडीत फिरणारं काही नाहीच. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आय५ राहू द्या, एसएसडी घ्या.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ च्या अधिकृत यादीत इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे प्रोसेसर जवळपास नाहीतच. म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकली. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड लावला की मराठी टायपिंग सुरू. पुस्तकांची यादी लिबरऑफिसमध्ये उघडते, आणि आमच्या ग्रंथपाल बाई आता वाचक समोर उभा असतानाच नोंद करतात. त्यांनी पहिल्याच आठवड्यात थकलेल्या पुस्तकांची यादी काढून सूचना फलकावर लावली, याचा मला फार आनंद झाला.

काढलेला आय३ मी जपून ठेवला आहे. जुन्या बायोसचा एच६१ बोर्ड आणि हातात आय५, अशी कुणाची अडचण झाली असेल तर बोर्ड घेऊन वाचनालयात या. आय३ लावून बायोस अपडेट करून देते. फक्त येण्याआधी बोर्डाचं मॉडेल आणि त्यावर छापलेला आवृत्ती क्रमांक लिहून पाठवा, म्हणजे योग्य फाइल आधी शोधून ठेवता येईल.